रज्जाकभाईंच्या घोडीपुढे सोपाननाना

सोपाननाना कुठेही आले की आधी बसायचे. उभ्याने बोलणं त्यांना मंजूरच नव्हतं. माझ्या स्टुडिओत आले तर गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, एसटी स्टँडवर भेटले तर कट्ट्यावर, आणि काहीच नसलं तर पायातली चप्पल काढून तिच्यावर. बसले की लांब श्वास सोडत आणि म्हणत, "दमलो बुवा." हे ते दिवसभर नांगर धरूनही म्हणत आणि सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्याही म्हणत. त्यांची बायको हिराकाकू म्हणायची, "आईच्या पोटातनं भाईर आल्यावर ह्यांनी पैलं हेच म्हनलं आसंल."

ओतूरच्या बाहेर त्यांचा आणि आमचा मळा बांधाला बांध लागून आहे. मी लग्नांचे फोटो काढतो. गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांची लग्नं काढून माझी कंबर गेली आहे, त्यामुळे दमलेल्या माणसाबद्दल मला मुळातच आपुलकी. पण नानांचं दमणं वेगळं होतं. ते तक्रार म्हणून दमत नसत. पाऊस आला म्हणावं तितक्या साधेपणाने ते दमलो म्हणत, आणि चहा बशीत ओतत.

बोलताना समोरच्याच्या पाठीवरून हात फिरवायची त्यांना सवय होती. सारी उमर बैलांत गेलेली. एकदा सात-बाऱ्याच्या कामाला गेले आणि बोलता बोलता साहेबाच्या पाठीवरून हात फिरवला. साहेब दचकून म्हणाले, "काका, हे काय करताय?" नाना म्हणाले, "काय न्हाई सायेब, घाम आलाय का बगत व्हतो." साहेबांना खरंच घाम आलेला होता. पंखा बंद होता.

माणसांचे चेहरे त्यांच्या ध्यानात राहत नसत, चाल राहायची. आमच्या डॉक्टरांना ते "त्यो डाव्या पायाला हिसका देनारा" म्हणत. मला एकदा म्हणाले, "तुजी चाल बिघडलीय. कॅमेऱ्याचं वझं उजव्या खांद्यावर घेतोस. जोडीचा दुसरा बैल आसता तर मेला आसता तुज्यासंगं." त्या दिवसापासून मी खांदा बदलतो, पण उपयोग झालेला नाही.

तरुणपणी नानांचा बैलगाडा होता. आमच्याकडे जत्रेत गाडे पळतात. चढावरच्या त्या धावपट्टीला घाट म्हणतात. गाड्यापुढे एक घोडी सुसाट सुटते आणि तिच्यामागे बैल जीव तोडून पळतात. अशा एका धावेला बारी म्हणतात. मग शर्यतींवर बंदी आली. लोकांनी बैल विकले, नानांनी विकले नाहीत. ते बैल गोठ्यात बसून खात म्हातारे झाले आणि गोठ्यातच गेले. पुढे बंदी उठली तेव्हा नानांकडे बैलही नव्हते आणि गुडघ्यांत जोरही नव्हता. जत्रेला जायचे, घाटाच्या कडेला बसायचे, आणि घरी येऊन म्हणायचे, "दमलो बुवा."

अशा माणसाकडे रज्जाकभाईंनी आपल्या घोड्या ठेवल्या.

रज्जाकभाई जुन्नरचे. लग्नाच्या घोड्या ठेवायचा धंदा त्यांच्या वडिलांपासूनचा. नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या देवळात जातो, त्याला आणि त्या नवरदेवालाही आमच्याकडे परण्या म्हणतात. आसपासच्या गावांतले निम्मे बाप आणि त्यांचे लेक त्यांच्याच घरच्या घोड्यांवर परण्याला गेले आहेत. नानाही गेले होते. तेव्हा लगाम धरून चालणारा पोरगा म्हणजे रज्जाकभाई. वाटेत नवरदेवाला घोडीवरच झोप लागली आणि रज्जाकभाईंनी त्याच्या पायाला चिमटा काढून त्याला जागं केलं, इथून ती दोस्ती सुरू झाली. दोघं एकमेकांना अरे-तुरे करत आणि आठवड्याच्या बाजाराला जुन्नरात एका बाकड्यावर गप्प बसत.

गाडेवाले रज्जाकभाईंच्या मागे लागायचे की तुमची चांदणी घाटात पळवायला द्या. चांदणी म्हणजे त्यांची तरणी पांढरी घोडी. रज्जाकभाई कधी देत नसत. म्हणत, "घाटात पळालेली घोडी लग्नाला चालत न्हाई. एकदा तिला गलका म्हंजे पळ आसं कळलं, की खलास. परण्या तिच्या पाठीवर आन् मागं पोरांचा गलका. कुनाचं पोरगं पाडू मी?" हे नानांना पाठ होतं. रज्जाकभाई नसले तर गाडेवाल्यांना तेच हे ऐकवत.

मग रज्जाकभाईंचा हजचा नंबर लागला. नवरा-बायको दोघंही जाणार. मुलगा नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला पिकअप चालवतो, त्याला घोड्यांचा वास सहन होत नाही. म्हणून चांदणी आणि म्हातारी बेगम, दोघी नानांच्या रिकाम्या गोठ्यात आल्या. हजला जाणारा माणूस निघण्याआधी सगळ्यांकडून चुकलंमाकलं माफ करून घेतो. रज्जाकभाईही हात जोडून म्हणाले, "सोपान, आजपरेंत काय बोललो चाललो आसंल तर माफ कर." नाना अवघडले. त्यांनी रज्जाकभाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जा तू. घोड्यांची फिकीर करू नगं. माज्या जिवावानी संबाळतो."

आणि सांभाळल्याही. फक्त बैलांसारख्या. रज्जाकभाईंनी हरभरा आणि गवत सांगितलं होतं, नानांना तो कंजूसपणा वाटला. त्यांनी दुधात अंडी फेटून आणली. बेगमने एकदा हुंगलं आणि तोंड फिरवून शेपटी उडवली. "मिजास बग," नाना म्हणाले, आणि ते दूध मला पाजलं. हिराकाकू ओट्यावरून बघत म्हणायची, "माजं गुडगं दुखत्यात तर बाम लावाय कुनी न्हाई. घोडीला दोनदोन येळा मालिश."

लग्नाचे दिवस होते. कुठल्या ना कुठल्या वस्तीवर रोज बँड वाजायचा. लांबून ढोलाचा आवाज आला की चांदणी बांधल्या जागी पाय उचलायची आणि मान वाकवून ठेक्यावर नाचायची, पाठीवर नवरदेव असल्यासारखी. समोर बाजेवर बसून नाना म्हणत, "आगं गप. तुला कुनी बोलावलं न्हाई." एकदा मला म्हणाले, "ह्या घोडीला आयुष्यात कुनी चार पावलं मोकळी टाकू दिली न्हाईत रे. लग्नातच जन्म चाललाय हिचा." माझाही तसाच चालला होता.

आमच्या गावची जत्रा वैशाखात असते. नानांचा पुतण्या बाळू याने नवे बैल घेतले होते आणि गाडा नानांच्या वडिलांच्या नावाने लावला होता. त्या दिवशी सकाळी बाळूच्या घोडीचा पाय मुरगळला. तो धावत नानांकडे आला. नाना घाटाजवळ चिंचेखाली दोन्ही घोड्या बांधून बसले होते. जत्रेच्या दिवशी त्यांना घरी एकटं ठेवायला जीव धजला नाही म्हणे.

"नाना, एक बारी. फकस्त एक."

"ते रज्जाकचं जनावर हाय."

"त्याला कोन सांगतंय?"

"मी सांगंल की." नानांनी त्याला हाकलून दिलं.

थोड्या वेळाने भोंग्यावरून पुकारा झाला. नानांच्या वडिलांचं पूर्ण नाव, वडिलांच्या वडिलांसकट. गाडा पुढं आणा. परत तेच नाव. मग निवेदक म्हणाला, गाडा बाद करायचा का? मी व्हिडिओसाठी तिथेच उभा होतो. नाना हळूच उठले. चांदणीची गाठ सोडली आणि दोर बाळूच्या हातात दिला.

चांदणी आधी गांगरली. इतकी माणसं, एवढा गलका, आणि तरी पाठीवरचा माणूस तिला चालवत नाही, नाचवत नाही. निशाण हाललं, बाळूने टाच मारली आणि मग ती सुटली. मी खूप बाऱ्या काढल्या आहेत, पण असं जनावर पळताना पाहिलं नाही. मागचे बैल तिच्या नादाने वर चढले, वरच्या टोकाचं निशाण पडलं, भोंग्यावर भिर्रर्र झाली, लोकांनी टोप्या उडवल्या. गाडा पहिल्यात आला. नाना भंडाऱ्याने पिवळे होऊन घोडीच्या गळ्याला हात घालून उभे होते. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत बसले नाहीत आणि दमलो म्हणाले नाहीत.

मग व्हायचं ते झालं. थोड्याच दिवसांनी आमच्या वस्तीवरून एक परण्या निघाला. कुणाच्या तरी भाड्याच्या घोडीवर नवरदेव, पुढे बँड, मागे पोरांच्या आरोळ्या. चांदणीने दोर तोडला. मांडवाच्या खालून, वाढप्यांच्या मधून, बुंदीचं घमेलं उडवून ती सरळ मारुतीच्या देवळापर्यंत गेली आणि तिथे कान टवकारून, निशाण पडायची वाट बघत उभी राहिली. लोक हसले. नवरीचा मामा तेवढा हसला नाही, त्याच्या अंगावर बुंदी होती. नाना मागून लंगडत आले आणि देवळाच्या पायरीवर बसले.

"रज्जाकची घोडी नासवली मी," ते म्हणाले. "त्याच्या घराचं नाव ह्या एका गोष्टीवर हाय. त्यांच्या घोडीवरनं कुनाचं पोरगं पडलं न्हाई. आन् मी..."

दर शुक्रवारी रज्जाकभाईंचा फोन यायचा. आता नाना फोन घेईनात. फोन वाजला की हिराकाकूच्या हातात देत आणि गोठ्यात जात. ती म्हणायची, "हायती चांगल्या. ह्ये बी हायती चांगले." मी विचारलं, सांगून का टाकत नाही? नाना माझ्यावर चिडले. "तो देवाच्या दारात हुबा हाय. तिथं त्याचं मन घोडीत आडकवू का? आन् खोटं बोलायचं तर देवाच्या दारातल्या मानसाशी कसं बोलू?"

त्यावर त्यांनी आपल्या अकलेने उपाय काढला. ओतूरच्या बँडवाल्याला गाठलं आणि प्रत्येक लग्नात त्याच्यामागे चांदणीला घेऊन चालायला लागले. त्या लग्नाचा परण्या त्याच्या घोडीवर पुढे, आणि सगळ्यांच्या मागे एक रिकामी पांढरी घोडी आणि तिच्या कपाळावर हात ठेवून एक घामाघूम म्हातारा. लोक म्हणायचे, "नाना, वरातीमागून घोडं आनलं व्हय?" नाना म्हणायचे, "व्हय बाबा." पोरांनी गलका केला की चांदणीचे कान उभे राहायचे, अंग थरथरायचं, आणि नाना तिच्या कानाशी म्हणत राहायचे, "हळू. हळू माजी बाय. हळू." हात कपाळावर असला की ती चालायची. हात काढला की सुटायची. रज्जाकभाई येईपर्यंत एवढंच साधलं.

ते आले. पांढरी दाढी राखलेली, सोबत खजूर आणि मक्केच्या झमझम विहिरीचं पाणी. आम्ही ओट्यावर होतो. त्यांनी खजुराचा पुडा पुढे केला. नानांनी हात पुढे केला नाही.

"आधी आईक. मी चांदणी घाटात पळवली. माज्या हातानं सोडली. आता ती गलक्याला थांबत न्हाई."

रज्जाकभाईंनी पुडा बाजेवर ठेवला. गोठ्यात जाऊन चांदणीचे चारी पाय चाचपले, पाठ बघितली, बेगमच्या मानेवर थोपटलं. मग दोन्ही दोर हातात घेऊन चालू लागले. जुन्नर तिथून काही जवळ नाही, पण त्यांनी पिकअपची वाट पाहिली नाही. ते वळणाआड होईपर्यंत नाना उभे होते. खजूर हिराकाकूने शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटले. नानांनी एकही खाल्ला नाही.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. बाजारच्या दिवशी नाना जुन्नरला जायचे, त्या बाकड्यावर बसायचे आणि एकटेच परत यायचे. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. एका बारीसाठी एवढं? पण घोडी माझी नव्हती आणि घराचं नावही माझं नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं, लग्नं सुरू झाली, आणि एका सकाळी रज्जाकभाई नानांच्या दारात उभे. आले, बसले नाहीत.

"मंचरला लग्न हाय. चांदणी माज्या हातात ऱ्हात न्हाई. चल."

नानांनी टोपी घातली आणि निघाले.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात नाना घोडीपुढे. एका हाताने लगाम, दुसरा कपाळावर, उलटं चालत, म्हणजे तोंड घोडीकडे आणि पाठ रस्त्याकडे. डीजेच्या भिंतीसमोर, फटाक्यांच्या धुरात, उन्हात. रज्जाकभाई नवरदेवाच्या बाजूने चालायचे. दोघांत कामापुरतं बोलणं: "वळव," "थांब," "पानी दे." त्या बारीचा विषय रज्जाकभाईंनी काढला नाही, नानांचीही काढायची हिंमत नव्हती. माझी पंचाईत अशी की प्रत्येक फोटोत नवरदेवासमोर नानांचं घामट डोकं यायचं. घरचे म्हणायचे, तो म्हातारा काढून टाका. मी कॉम्प्युटरवर काढून टाकायचो. मग घोडी हवेत बघत असल्यासारखी दिसायची, कारण ती बघत असायची नानांकडे.

एकदा वर डोंगरात आहुप्याला लग्न होतं. घोडी पिकअपमध्ये, नाना मागे तिच्याजवळ उभे, मी पुढे. वर पोचेपर्यंत नानांच्या पायांत गोळे आले होते. तिथे डीजे नव्हता. एक सनई, एक संबळ, आणि देवराईच्या कडेने हळूहळू जाणारी माणसं. कुणी ओरडलं नाही. नानांनी कपाळावरचा हात काढला. चांदणी चालत राहिली. जेवताना ते मला म्हणाले, "हितंच ऱ्हावं वाटतंय बग. निदान हाताला तरी इसावा." मी म्हटलं, नाना, आता सोडा हे, तुमचं वय झालं, तुम्ही घोडीसाठी मराल. ते म्हणाले, "घोडीसाटी न्हाई रे." आणि भातावर आमटी ओतली.

मी त्यांना घोडीपुढे शेवटचं पाहिलं ते जुन्नरच्याच एका लग्नात, गेल्या उन्हाळ्यात. ऊन असं की माझा कॅमेरा हातात धरवत नव्हता. परण्या देवळाशी पोचला, नवरदेव उतरून आत गेला, आणि नाना पारावर बसले. नेहमीसारखेच बसले, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग दिसलं की ते दमलो म्हणाले नाहीत. ओठ कोरडे पडले होते. उठायला गेले आणि उठता येईना.

रज्जाकभाई आले. नानांकडे बघितलं, मग घोडीकडे.

"बस हिच्यावर."

"नगं. परण्याची घोडी हाय ती."

"परण्या गेला आत. तो गाडीनं जायचाय आता. बस म्हनतो ना."

मी आणि रज्जाकभाईंनी मिळून त्यांना वर चढवलं. मळकी टोपी, सुटलेलं धोतर, आणि खाली नवरदेवाची जरीची झूल. मागे देवळात नवरदेवाला कुणीतरी नाव घ्यायला लावलं असावं, एकदम मोठा गलका उठला. चांदणीचे कान उभे राहिले. नाना तिच्या मानेवर झुकून काहीतरी पुटपुटले. तिच्या कपाळावर हात ठेवायला पुढे आता रज्जाकभाई गेले होते. तिचं अंग एकदा थरथरलं आणि ती चालू लागली.

त्यांना गर्दीतून वाट करून द्यायला मी थोडं अंतर बरोबर गेलो. रस्ता मोकळा झाला, बँड मागे पडला. रज्जाकभाई चालता चालता थांबले. वर न बघता, घोडीच्या आयाळीतून बोटं फिरवत त्यांनी विचारलं,

"सोपान, घाटात लई पळाली व्हती का रं ही?"

मला वाटलं नानांना ऐकूच गेलं नाही. मग त्यांचा चेहरा हलला, डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"लई," ते म्हणाले. "काय सांगू रज्जाक तुला. निशाण हाललं तशी जी सुटली..."

"सांग," रज्जाकभाई म्हणाले, आणि लगाम धरून पुढे चालू लागले.

मागून मला हाका मारत होते, अक्षतांची वेळ होत आली होती. मी मागे वळून पाहिलं. नाना घोडीवर ताठ बसले होते आणि थकलेला हात लांब करून दाखवत होते, इथून, असा, तिथपर्यंत. रज्जाकभाई मान खाली घालून ऐकत चालले होते.